डिझेल गाडीचा काळा धूर

खोपोली सोडून जुन्या रस्त्यानें खंडाळ्याचा घाट चढूं लागलेली मालमोटार पुष्कळांनीं पाहिली असेल. सपाटीवर ती निमूटपणें चालत असते. तिच्या मागून धूर निघतो कीं नाहीं याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. पण चढ सुरू झाला आणि चालकानें पाय दाबला, कीं मागील नळींतून काळ्याभोर धुराचा लोट उसळतो. मागून येणाऱ्या गाड्यांतील माणसें घाईघाईनें कांचा वर चढवितात, आया मुलांच्या नाकाला पदर लावतात. "गाडी जुनी झाली" असें एक जण म्हणतो. "डिझेल म्हटलें कीं धूर यायचाच" असें दुसरा म्हणतो. तिसरा, जो स्वतः गाड्यांच्या धंद्यांतला असतो, तो हंसून सांगतो कीं धूर निघतो म्हणजेच गाडींत दम आहे.

हीं तिन्ही मतें सर्वत्र ऐकूं येतात आणि तिन्ही चुकीचीं आहेत. काळा धूर ही एका साध्या हिशेबांतील चूक आहे: इंजिनांत जितकें तेल गेलें तितकी हवा त्याला मिळाली नाहीं, किंवा मिळाली ती वेळेवर मिळाली नाहीं. ही चूक कोठें होते हें एकदां समजलें म्हणजे ती कशी सुधारावी हेंहि समजतें. आणि पुष्कळदां तो उपाय अगदीं थोड्या खर्चांत होण्यासारखा असतो.

धूर काळा कां, हें जाणण्यासाठीं इंजिनाजवळ जाण्याची जरुरी नाहीं. देवघर पुरेसें आहे. पूर्वीं घरोघर काजळ धरीत असत. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचें भांडें उपडें धरलें, कीं थोड्या वेळानें त्याला मऊ काळी काजळी जमे. तोच दिवा मोकळा जळत असतां काजळी कोठेंच दिसत नसे. मग ती आली कोठून? ज्योतीचा पिवळा उजेड हा मुळीं तापून लखलखणाऱ्या कार्बनच्या सूक्ष्म कणांचाच उजेड असतो. ज्योतीच्या पोटांत हवा पोंचत नाहीं. तेथें तेलाची वाफ उष्णतेनें फुटते व तिच्यांतील कार्बन सुटा होतो. हे कण ज्योतीच्या कडेला आले म्हणजे त्यांना प्राणवायु भेटतो आणि ते जळून अदृश्य होतात. वर थंड भांडें धरलें तर हें दुसरें काम अपुरें राहतें; कण जळण्यापूर्वींच निवतात व भांड्याला चिकटतात. कंदिलाची वात प्रमाणाबाहेर चढविली तरी हाच प्रकार होतो, आणि कांच काळी पडते. काजळी होणें आणि काजळी जळून जाणें या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, एवढें येथून लक्षांत ठेवावयाचें.

डिझेल इंजिनांत हाच खेळ फार मोठ्या वेगानें चालतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९२ सालीं ज्या कल्पनेसाठीं पेटंट मागितलें तिचें सार असें होतें, कीं तेल पेटविण्यास ठिणगी नको. हवाच इतकी दाबावी कीं ती तापून तेल पेटवील. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचा खालचा भाग गरम होतो हा अनुभव सर्वांना आहे. डिझेल इंजिनांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवेला मूळ जागेच्या सुमारें सोळाव्या ते विसाव्या हिश्शांत कोंबतो आणि तिचें तापमान पांचशें अंश सेल्सिअसच्या वर नेतो. त्या तप्त हवेंत बारीक छिद्रांतून तेलाचा फवारा सुटतो व तो आपोआप पेट घेतो. ऑग्सबुर्ग येथें १८९७ सालीं चांचणीस उतरलेल्या डिझेलच्या इंजिनानें तेलांतील उष्णतेपैकीं सुमारें २६ टक्के उष्णता कामीं लावली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हें साधत नव्हतें. पुढें १९२७ सालापासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत दाबानें तेल सोडणारे पंप मोठ्या संख्येनें तयार होऊं लागले, आणि कारखान्यांत व जहाजांवर बसलेलें हें जड यंत्र मालमोटारींतून रस्त्यावर उतरलें.

पेट्रोलच्या सामान्य इंजिनांत तेलाची वाफ आणि हवा आधीं मिसळतात व मग ठिणगी पडते. डिझेलमध्यें मिसळण्यास सवडच नसते. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनांत फवारा सुटण्यास मिळणारा अवधि सेकंदाच्या सुमारें तीन हजारांशांएवढा असतो. एवढ्या अवकाशांत तेलाचे थेंब फुटावयाचे, त्यांची वाफ व्हावयाची, तिला हवा भेटावयाची आणि ती जळूं लागावयाची. फवाऱ्याच्या गाभ्यांत तेल दाट आणि हवा विरळ असते. तेथें काजळी ही होतेच. काजळी मुळींच न करणारें डिझेल इंजिन नाहीं. आंत झालेली काजळी बाहेर पडण्यापूर्वीं आंतल्या आंत जाळून टाकतें तेंच चांगलें इंजिन.

आतां हिशेब पाहूं. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. मापाच्या भाषेंत सांगावयाचें तर एका लिटर डिझेलला सुमारें दहा हजार लिटर, म्हणजे दहा घनमीटर हवा. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा खोलींतील सगळी हवा वापरली तरी तीन लिटर डिझेल पुरतें जळणार नाहीं. आणि हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षांत सिलिंडरच्या प्रत्येक कोपऱ्यांत तेल व हवा सारख्या प्रमाणांत पोंचत नाहींत. म्हणून पूर्ण भारावर चालतांनाहि हवा त्याहून वीस-तीस टक्के जास्त ठेवावी लागते. ही शिल्लक संपत आली कीं धूर दिसूं लागतो. जुन्या पद्धतीच्या पंपावर तेलाची कमाल मर्यादा ठरविणारा एक स्क्रू असतो. ही सीमा ओलांडली जाऊं नये म्हणून तो योग्य जागीं बसवून त्यावर सील लावलेलें असतें. काळ्या धुराची सारी कथा म्हणजे ही सीमा कशी ओलांडली जाते याचीच कथा होय.

पहिला गुन्हेगार बहुधा सर्वांत स्वस्त असतो. तो म्हणजे हवेची गाळणी, जिला गॅरेजमध्यें एअर फिल्टर म्हणतात. रस्त्यावरील धूळ इंजिनांत शिरूं नये म्हणून हवा कागदाच्या घड्यांतून गाळून घेतात. मुरुमाच्या किंवा खणलेल्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडींत ही गाळणी लौकर भरते, आणि मग इंजिन जणूं नाकाला रुमाल बांधून श्वास घेऊं लागतें. जुन्या पंपाला याची वार्ता नसते. तो तेल पूर्वींइतकेंच सोडतो, हवा मात्र कमी येते. गाळणी झटकून कांहीं दिवस काम भागतें. पण वारंवार झटकल्यानें व जोराची हवा मारल्यानें कागद फाटतो, धूळ आंत जाते आणि सिलिंडर व रिंगा घांसल्या जातात. ठरलेल्या किलोमीटरला, आणि धुळीच्या भागांत त्यापूर्वींच, गाळणी बदलणें हा काळ्या धुरावरील पहिला उपाय होय.

चुलींतलीं लांकडें धुमसूं लागलीं कीं घरांतील बाई फुंकणी हातांत घेते. दोन फुंकरांनीं जाळ होतो आणि धूर नाहींसा होतो. लांकूड तेंच, चूल तीच. वाढली ती केवळ हवा. मोठ्या इंजिनांची फुंकणी म्हणजे टर्बोचार्जर. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक लहान चाक फिरतें, आणि त्याच दांड्यावरील दुसरें चाक बाहेरची हवा दाबून आंत ढकलतें. ही दाबलेली हवा नेणाऱ्या रबरी नळीला चीर गेली किंवा तिची पट्टी सैल झाली, तर हवा वाटेंतच निसटते. अशा वेळीं गाडीचा जोर कमी पडतो, सूं सूं असा आवाज येतो आणि मागें काळा धूर दिसतो. टर्बो बदलण्याच्या मोठ्या खर्चांत पडण्यापूर्वीं, इंजिन बंद व थंड असतां, ही नळी आणि तिच्या पट्ट्या नीट पाहून घ्याव्या. पुष्कळदां दुखणें तेथेंच सांपडतें.

हिशेबाची दुसरी बाजू तेलाची. पंपाचें सील तोडून तेल वाढवून घेण्याची चाल मालवाहतुकीच्या धंद्यांत जुनी आहे. सुरुवातीला गाडी खरोखर जरा जास्त ओढते, कारण शिलकी हवेपैकीं कांहीं कामीं येते. "धूर म्हणजे दम" हा समज त्यांतूनच पसरला. परंतु सीमा ओलांडल्यावर वाढविलेल्या प्रत्येक थेंबाच्या वांट्याला पूर्वींपेक्षां कमी हवा येते. जोर थोडा वाढतो आणि तेल पुष्कळ वाढतें. येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. धुरांतून उडून जाणारी काजळी तोलून पाहिली तर ती जाळलेल्या डिझेलचा अगदीं अल्प भाग भरेल. खरें नुकसान आहे तें ही काजळी ज्याची खूण आहे त्या अपुऱ्या आणि उशिरांच्या ज्वलनांत. दट्ट्या खालीं गेल्यावर जें तेल जळतें तें त्याला फारसें ढकलीत नाहीं. तें व्हॉल्व्ह, टर्बो आणि सायलेन्सर तापवितें. शिवाय काजळी वंगणाच्या तेलांत उतरते, तें दाट होतें आणि इंजिनाचे भाग झिजवितें. मालकाचा पैसा असा अनेक वाटांनीं जातो. डोळ्यांना दिसते ती त्यांतली एकच वाट.

तिसरें कारण फवाऱ्याचें. नोझलच्या टोंकावरील छिद्रें मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांएवढीं असतात. चांगलें नोझल तेलाचें धुकें करतें, झिजलेलें नोझल धार सोडतें. थेंब मोठे झाले कीं त्यांची वाफ होऊन हवेंत मिसळण्यास वेळ पुरत नाहीं. धार थेट दट्ट्याच्या माथ्यावर किंवा सिलिंडरच्या भिंतीवर आपटली, तर तेथील मानानें थंड धातूजवळ ज्वाला मंदावते, आणि काजळ धरण्याच्या भांड्याखालीं घडतें तेंच येथें घडतें. यावर उपाय म्हणजे नोझल काढून तपासणी-यंत्रावर लावणें. तें ठरलेल्या दाबाला उघडतें कीं नाहीं, फवारा सर्व छिद्रांतून सारखा पडतो कीं नाहीं, आणि बंद झाल्यावर टोंकाला थेंब लोंबतो कीं काय, हें जाणकार मिस्त्री तेथें पाहतो. हा फवारा हातानें चांचपून पाहण्याचा मोह कोणीहि करूं नये. इतक्या दाबाचें तेल कातडी भेदून आंत शिरतें आणि भयंकर इजा करतें.

तेल किती सुटतें याइतकेंच तें केव्हां सुटतें यालाहि महत्त्व आहे. उशिरां सुटलें तर काजळी जळून जाण्यास वेळ उरत नाहीं. फार लौकर सुटलें तर इंजिन ठोके देतें, आणि ज्वालेचें तापमान वाढून हवेंतील नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड अधिक निर्माण होतात. काजळी कमी करूं जावें तों हे वायु वाढतात, आणि वायु कमी करूं जावें तों काजळी वाढते. ही ओढाताण डिझेल इंजिनें बनविणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे. म्हणून "टायमिंग" अंदाजानें पुढें-मागें करणें हा धुरावरचा उपाय नव्हे. इंजिनाच्या पुस्तिकेंत दिलेल्या खुणेवरच तें बसविलें पाहिजे.

आतां घाटांतल्या मालमोटारीकडे परत येऊं. उंचीवर हवा विरळ होते हें खरें. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरील गांवीं हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोन तृतीयांशच असतो. तेथें इंजिनाची हवा खरोखर तुटते आणि टर्बो नसलेल्या गाडीचें तेल कमी करणें भाग असतें. पण लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें सवासहाशें मीटर उंच. तेथील हवेचा दाब फार तर सात टक्क्यांनीं कमी भरतो. तेवढ्यानें इंजिनाची सारी शिल्लक संपत नाहीं. बोरघाटांतल्या धुराचा दोष म्हणून सह्याद्रीच्या माथीं मारतां येत नाहीं. तो प्रमाणाबाहेरच्या भाराचा आणि गिअरच्या निवडीचा असतो. जड गाडी वरच्या गिअरमध्यें तशीच रेटली म्हणजे इंजिनाचे फेरे कमी होतात, टर्बोचें चाक मंदावतें, आणि नेमक्या त्याच क्षणीं चालक ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून जास्तींत जास्त तेल मागतो. हवा सर्वांत कमी आणि तेल सर्वांत जास्त अशी ही गांठ पडते. चढ लागण्यापूर्वीं गिअर खालीं घेणारा, फेरे टिकवून पाय सांभाळून दाबणारा चालक तोच घाट, तीच गाडी घेऊन कितीतरी कमी धुरानें चढतो. या उपायाला एक पैसाहि लागत नाहीं.

धुराचा रंग ओळखतां आला तर पुष्कळसें निदान घरबसल्या होतें. थंडींत सकाळीं गाडी सुरू करतांना क्षणभर दिसणारा पांढरा धूर बहुधा न पेटलेल्या तेलाच्या वाफेचा असतो व इंजिन तापल्यावर जातो. तो टिकून राहिला तर दाब कमी असल्याची किंवा थंड करण्याचें पाणी आंत शिरल्याची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे वंगणाचें तेल जळत आहे, तेव्हां रिंगा किंवा टर्बो तपासावा. काळा धूर म्हणजे तेलाच्या मानानें हवा कमी. निदानानंतरचा क्रमहि स्वस्ताकडून महागाकडे असावा: प्रथम हवेची गाळणी, मग हवेच्या नळ्या, नंतर नोझल, नंतर पंप व टायमिंग, आणि शेवटीं सिलिंडर व रिंगा. उलट्या क्रमानें जाणाऱ्याचे पैसेहि जातात आणि धूरहि राहतो.

हा धूर केवळ भिंती आणि कपडे मळविता तर गोष्ट एवढी गंभीर झाली नसती. काजळीच्या कणांचे जे पुंजके हवेंत तरंगतात ते साधारणतः मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे असतात. माणसाचा केस त्याहून पांचशें ते हजार पट जाड. नाकांतले केस आणि घशांतला ओलावा धूळ अडवितात, पण इतक्या सूक्ष्म कणांपैकीं पुष्कळ फुप्फुसांच्या अगदीं आंतल्या पिशव्यांपर्यंत पोंचतात, आणि जातांना अर्धवट जळलेल्या तेलांतील विषारी द्रव्यें अंगावर घेऊन जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें डिझेलच्या धुराला १९८८ सालीं कर्करोगाचें संभाव्य कारण म्हटलें होतें. २०१२ सालीं तिनें "संभाव्य" हा शब्द काढून टाकला आणि तो निश्चित कारणांच्या पहिल्या गटांत घातला. दमेकरी, लहान मुलें आणि वृद्ध यांना तर त्याचा त्रास तत्काळ जाणवतो. चौकांत दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस, रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई आणि गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री हे तो सर्वांत अधिक घेतात, आणि त्यांच्यापुरत्या कांचा वर चढविण्याची सोय कोठेंच नसते.

धुराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला नवा नाहीं. गिरण्यांच्या धुराड्यांनीं मुंबईचें आकाश काळें केलें तेव्हां १९१२ सालींच धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करण्यांत आला होता. धुराड्यांच्या धुराचा काळेपणा मोजण्यासाठीं रिंगेलमान नांवाच्या फ्रेंच प्राध्यापकानें १८८८ सालीं एक साधी युक्ति काढली होती: पांढऱ्या कागदावर कमी-अधिक दाट काळ्या रेघा मारून ठेवावयाच्या व धूर त्यांच्याशीं ताडून पाहावयाचा. गाड्यांच्या बाबतींत हें काम यंत्र करतें. गाडी उभी ठेवून, गिअर न घालतां, ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात. नळींतला धूर एका पेटींत घेऊन त्यांतून प्रकाश सोडतात आणि किती प्रकाश अडला हें मोजतात. हार्ट्रिजच्या मापांत स्वच्छ हवा शून्य आणि पूर्ण अंधार शंभर. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांखालीं जुन्या गाड्यांसाठीं ही मर्यादा ६५ आणि भारत स्टेज चार गाड्यांसाठीं ५० ठरविण्यांत आली.

या परीक्षेंत एक उणीव आहे. ती बिनभाराच्या, उभ्या गाडीची परीक्षा आहे. घाटांत भार ओढतांना धूर ओकणारी गाडी मैदानांत उभी राहून उत्तीर्ण होऊं शकते; आणि परीक्षेपुरतें पंपाचें तेल उतरवून घेतलें, तर प्रमाणपत्र खरें आणि गाडी खोटी अशी स्थिति होते. प्रमाणपत्र हा कागद आहे. हवेची गाळणी त्यानें स्वच्छ होत नाहीं. मुंबईंत धुरानें त्रासलेल्या रहिवाशांनीं एकत्र येऊन उच्च न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां न्यायालयानें १९९९ सालीं व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली आणि त्यापुढील आदेशांमुळें शहरांतील जुन्या टॅक्सी दाबलेल्या नैसर्गिक वायूवर चालूं लागल्या. दिल्लींत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानें शहर-बसगाड्यांच्या बाबतींत तेंच घडलें. नागरिकांनीं धूर मुकाट्यानें गिळला असता तर यांपैकीं कांहींच झालें नसतें.

तेलाचीहि सुधारणा झाली आहे. डिझेलमधील गंधक जळून त्याचेहि सूक्ष्म कण बनतात आणि धूर शुद्ध करणारीं साधनें त्यानें निकामी होतात. भारत स्टेज तीनच्या डिझेलमध्यें दर दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चाले. स्टेज चारमध्यें तें ५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज सहामध्यें १० वर आलें. गंधक इतकें उतरलें म्हणूनच नव्या गाड्यांना काजळीची गाळणी बसवितां आली. मधाच्या पोळ्यासारख्या रचनेच्या चिनी मातीजातीच्या ठोकळ्यांत एकाआड एक छिद्रें बंद केलेलीं असतात. वायु सच्छिद्र भिंतींतून पार होतो आणि काजळी आंत अडकते. पुरेशी सांठली म्हणजे गाडी धुराचें तापमान सुमारें सहाशें अंशांपर्यंत वाढवून ती जाळून टाकते. लहान डिझेल मोटारींना दर किलोमीटरला सोडतां येणाऱ्या कणांची मर्यादा स्टेज चारमध्यें २५ मिलिग्रॅम होती; स्टेज सहामध्यें ती साडेचार मिलिग्रॅम झाली.

परंतु या गाळणीलाहि वागणूक लागते. बाजारापर्यंत आणि शाळेपर्यंतच रोज फिरणाऱ्या गाडीचा धूर पुरेसा तापत नाहीं, काजळी सांचत जाते आणि समोरच्या फळीवर दिवा लागतो. त्या वेळीं पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें मोकळ्या रस्त्यावर कांहीं वेळ सारख्या वेगानें गाडी चालविली कीं बहुधा काम होतें. दिव्याकडे दुर्लक्ष केलें तर गाळणी तुंबते, आणि मग ती पोखरून रिकामी करून देण्यास कोणीतरी तयार होतो. तें बेकायदेशीर तर आहेच, शिवाय फसवेंहि आहे. नव्या इंजिनांत तेलाचा दाब इतका मोठा आणि फवारा इतका बारीक असतो, कीं गाळणी काढल्यावरहि धूर डोळ्यांना पूर्वींसारखा काळा दिसेलच असें नाहीं. कण मात्र हवेंत जातच राहतात. काळा धूर दिसला तर दोष नक्की आहे. तो दिसला नाहीं तर दोष नाहींच असें मात्र म्हणतां येत नाहीं.

शहरांतील कुटुंबाला मालमोटारीचा पंप तपासतां येणार नाहीं. परंतु मुलांना नेणारी शाळेची बस, इमारतीच्या आवारांतला वीज गेल्यावर चालणारा डिझेल जनरेटर, लग्नाला ठरविलेली बस आणि घरची मोटार यांच्यावर त्याचा कांहीं अधिकार चालतो. हवेची गाळणी शेवटची केव्हां बदलली, नोझल केव्हां तपासलें, हे दोन प्रश्न विचारण्यास यंत्रशास्त्र शिकावें लागत नाहीं. विचारणारा आहे हें कळलें कीं उत्तर देणाराहि जागा राहतो.

खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या त्या मालमोटारीच्या चालकाला दोष देणें सोपें आहे. पण भार त्यानें ठरविलेला नसतो, गाळणीचे पैसे त्याच्या हातांत नसतात, आणि दिवसांतले कित्येक तास तोहि त्याच हवेंत काढतो. धुराचा हिशेब पंपाच्या स्क्रूपाशीं सुरू होतो खरा. तो पुरा होतो मात्र भार ठरविणाऱ्याच्या आणि दुरुस्तीचे पैसे देणाऱ्याच्या वहींत. ती वही नीट ठेवली गेली, तर तीच गाडी, तोच घाट आणि तोच चालक असूनहि मागून येणाऱ्यांना कांचा वर चढविण्याची पाळी येणार नाहीं.